२०१ मिनिटं आणि बटाट्याचं पातेलं: ‘झान डीलमान’ कसा बघावा

शान्ताल आकरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा ‘झान डीलमान, २३, के द्यु कोमेर्स, १०८० ब्रुसेल’ हा चित्रपट १९७५ सालचा. नाव म्हणजे नायिकेचं नाव आणि तिचा पूर्ण पत्ता, पिनकोडसकट. लांबी २०१ मिनिटं, म्हणजे ३ तास २१ मिनिटं. ब्रुसेल्समध्ये राहणाऱ्या एका विधवेचे तीन दिवस, एवढंच त्यात आहे. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतं. २०२२ च्या कौलात हा चित्रपट पहिला आला. स्त्रीने दिग्दर्शित केलेला चित्रपट त्या यादीत पहिल्या जागी येण्याची ती पहिलीच वेळ. तेव्हापासून अनेकजण उत्सुकतेने तो लावतात आणि पाऊण तासात बंद करतात.

बंद करणाऱ्यांची चिकाटी कमी पडते, असं आम्हाला वाटत नाही. कुठे बघायचं हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. आपल्याकडे विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला ही अडचण ओळखीची वाटेल. ठेका कानात बसलेला नसेल तर पहिली वीस मिनिटं नुसती लांबण वाटते. तो बसला की गवई समेच्या जरा आधी थांबला तरी अंगावर काटा येतो. या चित्रपटाचं तंत्र असंच आहे. पहिला दिवस तो ठेका शिकवतो, दुसऱ्या दिवशी एक मात्रा हलते. पहिल्या दिवशी नीट मोजलं नसेल तर दुसऱ्या दिवशी काय हललं ते कळत नाही, आणि मग तिसरा दिवस अचानक कोसळल्यासारखा वाटतो. पुढची सगळी तयारी हा ठेका कानात आणि डोळ्यांत बसावा म्हणून आहे.

प्रत आणि पडदा

आधी प्रत तपासा. लांबी २०१ मिनिटांच्या आसपास हवी. तुमच्याकडच्या डीव्हीडीवर १९३ मिनिटं दिसत असतील तर काहीतरी कापलंय असं समजू नका. युरोपातल्या जुन्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २४ चौकटींची फिल्म २५ ने चालवत, त्यामुळे २०१ मिनिटांची १९३ होतात. त्याहून बरीच कमी लांबी दिसली तर मात्र ती प्रत सोडा. स्ट्रीमिंगवर हा चित्रपट येत-जात असतो, त्यामुळे बघायचा दिवस ठरवण्याआधी तो तिथे अजून आहे ना, हे पाहून घ्या. परदेशातून ब्लू-रे मागवणार असाल तर विभागाचा कोड बघा. अमेरिकेतल्या क्रायटेरियन या कंपनीची तबकडी ‘ए’ विभागाची आहे आणि भारत ‘सी’ विभागात येतो, म्हणून इथल्या साध्या प्लेअरवर ती चालणार नाही.

चित्रपटाची चौकट १.६६ : १ आहे, म्हणजे आजच्या टीव्हीपेक्षा थोडी अरुंद. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतील, त्या तशाच राहू द्या. चित्र मोठं करून पडदा भरलात तर वरचा-खालचा भाग जातो, आणि या चित्रपटात टेबलाची कड, गॅसची शेगडी, दिव्याचं बटण हे सगळं त्या कडांजवळच असतं.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचा प्रकार ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ ठेवा. ‘व्हिव्हिड’ नको, कारण त्यात स्वयंपाकघराच्या फरशा भडक होतात आणि संध्याकाळचा मंद उजेड नाहीसा होतो. हालचाल गुळगुळीत करणारी सोयही बंद करा. प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते, पण ‘मोशन’ हा शब्द त्यात बहुतेक असतोच. ती चालू राहिली तर चित्र मालिकेसारखं दिसतं आणि फिल्मचा पोत जातो. दिवाणखान्यातल्या रात्रीच्या दृश्यांत भिंतीवर आणि कपाटाच्या काचेवर निळसर उजेड सारखा लुकलुकताना दिसेल. टीव्ही बिघडलेला नाही. तो खिडकीबाहेरच्या निऑन पाटीचा उजेड आहे आणि तो शेवटपर्यंत साथ करतो.

मोबाइलवर हा चित्रपट बघूच नये. कॅमेरा कधीही जवळ जात नाही, बाई खोलीच्या मध्यावर उभी असते, तिच्या हातातली वस्तू सहा इंची पडद्यावर मुगाएवढी दिसते. लॅपटॉप चालेल, पण तो मांडीवर न घेता टेबलावर ठेवा आणि हेडफोन लावा.

आवाजाकडे चित्राइतकंच लक्ष हवं. पार्श्वसंगीत अजिबात नाही. संगीत ऐकू येतं ते घरातल्या रेडिओवरचं. बाकी सगळे घरातले आवाज: टाचांची टकटक, नळाचं पाणी, लिफ्ट, झाकण, बटणाची टिचकी. आवाज किती ठेवायचा याची आमची खूण अशी: ती खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करते, त्या बटणाची टिचकी स्पष्ट ऐकू आली पाहिजे. ऐकू येत नसेल तर आवाज वाढवा. आपल्याकडे पंखा, मिक्सर आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या यांत हे बारीक आवाज बुडतात. शक्य असेल तर पंख्याचा वेग एकवर आणा, नाहीतर सरळ हेडफोन लावा.

भाषा फ्रेंच, सबटायटल इंग्रजी. बोलणं इतकं थोडं आहे की सबटायटल वाचण्याची सवय नसलेल्यालाही ते जड जात नाही. अपवाद पत्रवाचनाचा. कॅनडातल्या बहिणीचं पत्र ती मुलाला एका दमात, चढउताराशिवाय वाचून दाखवते. तिथे ओळी भराभर जातात. एखादी निसटली तर मागे जाऊ नका. त्या पत्रात आवाजाचा सपाटपणा लक्षात राहणं पुरेसं आहे.

वेळ कोणती आणि किती

एकूण साडेचार तास मोकळे ठेवा. दहा मिनिटं मांडामांड, २०१ मिनिटं चित्रपट, दहा-दहा मिनिटांच्या दोन विश्रांती आणि नंतरचा अर्धा तास मिळून २६१ मिनिटं होतात.

सकाळी नऊ-दहाला सुरू करणं सगळ्यांत चांगलं. दुपारी जेवून बसाल तर झोप येणारच, त्यात चित्रपटाचा दोष नाही. रात्री साडेनऊला सुरू केलात तर तिसरा दिवस मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होईल. नेमकं जिथे डोळे टक्क उघडे हवेत तिथेच ते मिटतील. बसण्याआधी हलकं खा, पोहे-उपमा इतपत. चहाचा थर्मास जवळ ठेवा. कुरकुरीत काही नको, कारण चिवड्याचा आवाज त्या घरातल्या आवाजांवर पडतो. फोन बंद करण्यापेक्षा दुसऱ्या खोलीत ठेवणं चांगलं. समोर असला की हात जातोच, आणि इथे दहा सेकंद खाली बघितलं तर जे चुकतं त्याची पुन्हा आठवण कोणी करून देत नाही. घरातल्यांना आधी सांगून ठेवा. अर्ध्यात येऊन ‘यात काय चाललंय?’ असं कोणी विचारलं तर त्याचं एका वाक्यात उत्तर नाही.

आधी किती माहिती असावी

एवढी पुरे: झान मध्यमवयीन आहे, नवरा वारलेला, शाळकरी मुलगा सिल्व्हॅं तिच्याबरोबर राहतो. दुपारी मुलगा शाळेत असताना रोज एक पुरुष तिच्याकडे येतो आणि पैसे देऊन जातो. हे पहिल्या काही मिनिटांतच दिसतं, त्यामुळे सांगायला हरकत नाही. शेवट वाचू नका. चित्रपटावरच्या बहुतेक लेखांत तो पहिल्याच परिच्छेदात फोडलेला असतो, म्हणून बघून होईपर्यंत काही वाचायला घेऊ नका. आम्हीही इथे सांगणार नाही. चित्रपट लहान मुलांसमोर बघण्याजोगा नाही. त्यात लैंगिक व्यवहार आहे आणि हिंसेचा एक प्रसंग आहे.

मे १९७५ मध्ये कान महोत्सवाच्या काळात तो प्रथम दाखवला गेला तेव्हा आकरमानला पंचवीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. छायाचित्रण बाबेत मांगोल्तचं, आणि चमूत बहुतेक सगळ्या स्त्रियाच होत्या. हे मुद्दाम ठरवून केलेलं होतं. झानची भूमिका देल्फीन सेरिगने केली आहे. फ्रेंच सिनेमातली ती मोठी, रुबाबदार नटी. अशा नटीला आकरमानने बेसिनसमोर पाठमोरी उभी करून भांडी घासायला लावली. आज ते चटकन जाणवत नाही, पण तेव्हाच्या प्रेक्षकाला नुसत्या त्या दृश्यानेही धक्का बसला असणार.

सराव म्हणून आधी दोन गोष्टी करता येतात. आकरमानने अठराव्या वर्षी केलेला ‘सोत मा व्हील’ हा साधारण १३ मिनिटांचा लघुपट मिळाला तर बघा. तोही एका मुलीचा आणि एका स्वयंपाकघराचा आहे, पण त्याची चाल अगदी उलटी, धसमुसळी आहे. दुसरी गोष्ट साधी. आदल्या दिवशी अर्धा किलो बटाटे घ्या आणि रेडिओ, फोन, गप्पा काही न लावता सोला. किती वेळ लागतो ते घड्याळात बघा, आणि त्या वेळात मन कुठे कुठे गेलं तेही आठवून बघा. पडद्यावरची बाई बटाटे सोलायला बसेल तेव्हा तो वेळ तुमच्या हातांना माहीत असेल.

पहिला दिवस: नुसतं मोजा

पहिला दिवस तीनांत छोटा, कारण चित्रपट दुपारनंतर सुरू होतो. या भागात कथा शोधू नका, अर्थ लावू नका, प्रतीकं तर मुळीच नकोत. घर पाठ करा.

कागद-पेन्सिल जवळ ठेवा आणि पहिल्या अर्ध्या तासात फ्लॅटचा नकाशा काढा: मधला बोळ, स्वयंपाकघर, न्हाणीघर, झोपायची खोली, जेवणाचं टेबल असलेला दिवाणखाना. याच दिवाणखान्यात रात्री सोफा उलगडून मुलाचं अंथरूण होतं. नकाशा सुबक नसला तरी चालेल. पण तो काढताना कळतं की कॅमेऱ्याच्या जागा ठरावीक आहेत. तो हलत नाही, वळत नाही, जवळ जात नाही. समोरासमोर, जरा खालच्या उंचीवर उभा असतो. बोलणाऱ्याचं तोंड, मग ऐकणाऱ्याचं तोंड, अशी आपल्या सवयीची कापाकापीही नाही. त्याच जागेवरून तेच टेबल दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसतं, म्हणून टेबलावरचा बारीक फरक ओळखता येतो. कॅमेरा हलता असता तर तो फरक दिसलाच नसता.

आता बघायच्या वस्तू. ती खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करते का? पैसे कुठे ठेवते, आणि ठेवल्यावर झाकणाचं काय करते? (जेवणाच्या टेबलावर सूपचं चिनी मातीचं झाकणवालं भांडं आहे, ते लक्षात ठेवा.) केस कसे आहेत? गाऊनची बटणं? आंघोळ झाल्यावर टब कसा घासते? मुलगा जेवताना पुस्तक वाचायला लागला की काय म्हणते? यातलं काय पुढे बदलतं ते सांगत नाही. पण यातली एकही गोष्ट उगाच दाखवलेली नाही.

एक उदाहरण मात्र फोडतो, म्हणजे यंत्रणा कळेल. चित्रपटाच्या सुरुवातीला ती बटाटे शिजत ठेवते. बेल वाजते. ती पुरुषाचा कोट-टोपी घेते, दोघं बोळातून झोपायच्या खोलीत जातात, दार बंद होतं. कॅमेरा बाहेरच राहतो. बोळातला उजेड कमी झालेला दिसतो, दार उघडतं, पुरुष पैसे देऊन जातो. ती स्वयंपाकघरात येते आणि बटाटे नेमके शिजलेले असतात. म्हणजे बंद दाराआडचा वेळ आणि पातेल्यातला वेळ तिने एकमेकांत बसवलेला आहे. संध्याकाळचं जेवण आणि दुपारचा ग्राहक एकाच आचेवर शिजतात. हे एकदा ध्यानात आलं की बटाटे हे या घराचं घड्याळ होतं. दुसऱ्या दिवशी ते घड्याळ चुकतं. त्या दुपारी दार उघडून ती बाहेर येते तेव्हा केस विस्कटलेले असतात आणि बटाटे जास्त शिजून वाया गेलेले असतात. ते पातेलं हातात घेऊन ती घरभर फिरते. ते कुठे ठेवायचं, काय करायचं, हे तिला सुचत नाही. दुसऱ्या कुठल्याही चित्रपटात याला प्रसंग म्हणणार नाहीत. इथे मात्र तो भूकंप आहे.

पुष्कळदा सांगितलं जातं की या चित्रपटात सगळं खऱ्या वेळात घडतं. ते बरोबर नाही. तीन दिवस २०१ मिनिटांत बसवायचे तर कापावं लागणारच, आणि आकरमान ठामपणे कापते. फक्त तिची कात्री उलटी चालते. इतर चित्रपट भांडी घासणं गाळतात आणि झोपायच्या खोलीत जातात. ही दार बंद करून घेते आणि भांडी शेवटच्या ताटलीपर्यंत दाखवते. तेव्हा प्रत्येक लांब दृश्यात स्वतःला विचारा: हे पूर्ण का दाखवलं, आणि मघाशी काय गाळलं? या एका प्रश्नावर पहिला तास सहज निघतो.

कंटाळा आला तर

येईलच. पण तो एकाच प्रकारचा नसतो, आणि प्रकार ओळखला तर उपाय सापडतो.

पहिला शरीराचा. पाय हलतात, हात फोन शोधतो. चित्रपट न थांबवता बसण्याची जागा बदला, पाठ ताठ करा, चहा ओता. काही मिनिटांत ही लाट ओसरते.

दुसरा अपेक्षेचा: ‘आता काहीतरी होईल, कधी होणार?’ हा जास्त चिवट असतो, कारण वर्षानुवर्षं पाहिलेल्या चित्रपटांनी तो आपल्यात भरलेला आहे. यावर उपाय म्हणजे डोळ्यांना काम देणं. तिच्या चेहऱ्यावरून नजर काढा आणि हातांवर न्या. सेरिगचे हात बघा: चमचा कुठे ठेवतात, फडकं कसं घडी घालतात, एकही हालचाल वाया कशी जात नाही. कापांना मैदा, अंडं आणि ब्रेडचा चुरा लावण्याचं काम ती करते तेव्हा प्रत्येक ताटलीचा क्रम ठरलेला आहे. हात पुरेसे बघून झाले की चौकटीच्या कडा बघा, मग डोळे न मिटता नुसते आवाज ऐका. या तीन फेऱ्यांत दृश्य बहुधा संपतं. संपलं नाही तर पुन्हा हातांकडे या.

तिसरा थकव्याचा, म्हणजे खरी झोप. डोळे मिटायला लागले तर थांबवा, तोंडावर पाणी मारा, चार मिनिटं घरात फिरा. डुलकी लागून गेली असेल तर मागे जायचं की नाही? पहिल्या दिवसात गेली असेल तर नको. दिनक्रमाचा एखादा तुकडा बुडाला तरी ठेका बसतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसात गेली असेल तर जरूर मागे जा, कारण नेमकी तीच मिनिटं हललेली मात्रा असू शकतात.

वेग वाढवून बघणं हा उपाय नाही. दीडपट वेगाने चित्रपट १३४ मिनिटांत संपेल आणि तुम्ही काहीच बघितलेलं नसेल. तिची घाई केव्हा सुरू होते, तिचे हात केव्हा थबकतात, हे कळायला तिचा मूळ वेग शरीरात भिनावा लागतो. गाण्याची तबकडी वेगाने फिरवली तर सूरच बदलतो, इथेही तेच होतं.

कुठे थांबावं

चित्रपटातच पाटी येते: पहिला दिवस संपला. मग दुसऱ्याची तशीच पाटी. थांबायचं तर या दोन ठिकाणीच. घड्याळ लावून तासाने थांबू नका. एखाद्या कामाच्या मधोमध थांबलात तर त्या कामाची लांबी मोडते, आणि लांबी मोडली की अर्थ मोडतो. विश्रांती दहा मिनिटांची, त्यात बातम्या नाहीत, फोन नाही. पाणी प्या, खिडकीबाहेर बघा. स्वयंपाकघरात जायला मात्र हरकत नाही. आपल्याच ओट्याकडे आणि ताटाळ्याकडे वेगळ्या नजरेने बघितलं जातं, आणि ती नजर घेऊन परत बसता येतं.

सलग बसणं शक्य नसेल तर तीन संध्याकाळी तीन दिवस, असं पाहता येतं. ते सलग बघण्याइतकं चांगलं नाही, पण अर्ध्यात सोडण्यापेक्षा पुष्कळ बरं. मात्र तिन्ही संध्याकाळी लागोपाठच्या हव्यात. मध्ये आठवडा गेला तर ठेका विसरतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

दुसरा दिवस: फरक लिहा

आता नकाशाचा कागद पुन्हा हातात घ्या आणि फक्त फरक टिपा. एकेक शब्द: ‘झाकण’, ‘दिवा’, ‘केस’. मान खाली घालून वाक्यं लिहू नका. दुपारपर्यंत कागद कोरा राहील. तेव्हा आपलं काही चुकलं असं समजू नका, सकाळ बहुतेक जशीच्या तशी जाते आणि तशी जाणं गरजेचं आहे. ग्राहक गेल्यानंतर लक्ष दुप्पट करा. बटाट्यांनंतर ती पुन्हा बाजारात जाते, पुन्हा सोलायला बसते. त्या सोलण्याच्या दृश्यात तिचा वेग बघा. एकसारखा नाही. सुरी थबकते, मग जोरात चालते. आदल्या दिवशी तुम्ही अर्धा किलो सोलले असतील तर तुमचं मनगटच सांगेल की या बाईचं चित्त ठिकाणावर नाही.

ज्यांनी रोज घर चालवलं आहे त्यांना हे फरक इतरांच्या बऱ्याच आधी दिसतात. चित्रपटांचा गाढा अभ्यास असलेल्या, पण कधी स्वयंपाक न केलेल्या माणसाला जे दुसऱ्या खेपेला कळतं, ते रोज चार माणसांचा स्वयंपाक करणारीला पहिल्या खेपेला कळतं. म्हणून घरातल्या आई, मावशी, काकू यांना ‘त्यांना कंटाळा येईल’ असं आपणच ठरवून वगळू नका. कला चित्रपट म्हणून आमंत्रण देऊ नका. एका बाईच्या घरातले तीन दिवस आहेत, असं सांगून शेजारी बसवा. विषयाची कल्पना मात्र आधी द्या.

तिसरा दिवस: न थांबता

तिसऱ्या दिवशी कागद बाजूला ठेवा. आता मोजायचं नाही, सोबत राहायचं. पाटीनंतर एकदा सुरू केलं की शेवटापर्यंत थांबायचं नाही, फोन नाही, चहा नाही, दरवाज्याची बेल वाजली तर दुसऱ्या कोणी तरी उघडावं. वेळ या दिवशी वेगळ्या तऱ्हेने वागायला लागतो. पहिल्या दिवशी कामं वेळेत नेमकी बसत होती, आता वेळ उरतो. खुर्चीत नुसती बसलेली झान दिसेल. तिथे चित्र अडकलेलं नाही. काम नसलेला वेळ या बाईच्या अंगावर कसा येतो ते बघा.

शेवटचं दृश्य सहा-सात मिनिटांचं आहे, स्थिर, अंधारं. ‘संपला वाटतं’ म्हणून उठू नका, दिवा लावू नका, रिमोट हातात घेऊ नका. स्ट्रीमिंगवर बघत असाल तर पुढचा चित्रपट आपोआप सुरू होण्याची सोय आधीच बंद करून ठेवा. नाहीतर शेवटच्या चौकटीवर कसलीतरी जाहिरात येऊन आदळेल.

चारजण मिळून बघत असाल तर

चार ते सहा माणसं ठीक. त्याहून जास्त असतील तर घरचा दिवाणखाना पुरत नाही, मोठी खोली आणि प्रोजेक्टर लागतो. मुंबईत प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी १९६८ पासून आहे, पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, गोव्यात दरवर्षी इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. अशा ठिकाणच्या खेळांना बसून ज्यांची अंधारात गप्प बसण्याची सवय झाली आहे, त्यांतला एकतरी गटात असावा. त्याच्यामुळे बाकीचे सावरून बसतात. सुरुवातीचं बोलणं पाच मिनिटांपेक्षा जास्त नको, आणि मध्ये कोणी समजावून सांगायचं नाही.

नंतर लगेच ‘आवडला का’ विचारू नका. त्याने चर्चा दोन गटांत फाटते आणि तिथेच संपते. त्याऐवजी प्रत्येकाने चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहावी: काहीतरी बिनसलंय असं पहिल्यांदा केव्हा वाटलं? मग चिठ्ठ्या वाचा. कोणी झाकण लिहील, कोणी बटण, कोणी पहिल्या दिवशीचीच एखादी नजर. प्रत्येकाचा क्षण वेगळा निघतो आणि त्यावर तासभर बोलता येतं, तेही चित्रपटात खरोखर असलेल्या गोष्टींबद्दल.

एकट्याने बघितला असेल तर

दहा मिनिटं काही करू नका. मग दहा ओळी लिहा, फक्त जे दिसलं आणि ऐकू आलं ते. ‘एकटेपणाचं प्रतीक’ वगैरे शब्द आले की खोडा. लेख, समीक्षा, मुलाखती दुसऱ्या दिवशी वाचा. चित्रीकरणाच्या वेळी अभिनेता सामी फ्रेने आकरमान आणि सेरिग यांच्या तालमी चित्रित केल्या होत्या. तो माहितीपट मिळाला तर जरूर बघा. एकेक हालचाल किती वाद घालून, किती मोजून बसवली होती ते त्यात दिसतं, आणि ‘कॅमेरा लावला आणि सोडून दिला’ हा गैरसमज कायमचा जातो.

दुसऱ्यांदा बघायचा तर दोन-तीन महिने जाऊ द्या. त्या वेळी शेवट ठाऊक असतो, म्हणून पहिल्या दिवसावर सगळा भर द्या. पहिल्या खेपेला सगळं सबटायटल चालू ठेवून बघितलं असेल, आता ती बंद करा. पूर्ण बघायला वेळ नसेल तर दोनच तुकडे पाठोपाठ लावा: पहिल्या दिवशीचं रात्रीचं जेवण आणि दुसऱ्या दिवशीचं. तेच टेबल, तीच दोन माणसं, तोच कॅमेरा. दोन्ही वेळा सूप वाढल्यापासून ताटल्या उचलेपर्यंतचा वेळ घड्याळ लावून मोजा आणि जुन्या नकाशाच्या कागदावर शेजारी शेजारी लिहा.